सात वेढे, एक वाट

हेराक्लिऑनच्या पुरातत्त्व संग्रहालयात क्नॉसस नगरीची चांदीची जुनी नाणी मांडलेली आहेत. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या-तिसऱ्या शतकातल्या काही नाण्यांच्या एका अंगाला हेरा देवीचं मस्तक आहे आणि दुसऱ्या अंगाला एक नक्षी. एकात एक बसलेले सात वेढे, खालच्या बाजूनं आत शिरायला एक तोंड, मधोमध थोडी मोकळी जागा. कधी गोल, कधी चौकोनी. यालाच लॅबिरिंथ म्हणतात. क्रीट बेटावर सुट्टीला आलेल्या माणसाला ही नक्षी चुकवता येत नाही. ऑलिव्ह तेलाच्या बाटल्यांवर, कॉफीच्या कपांवर, बसथांब्याजवळच्या दुकानातल्या टी-शर्टांवर ती असतेच.

काचेवरून बोट फिरवत मी ती वाट गिरवली. तोंडातून आत शिरलं की वाट आधी तिसऱ्या वेढ्यात जाते. तिथून उलट बाहेर, दुसऱ्यात आणि पहिल्यात. मग आत वळून चौथ्यात, आणि तिथून थेट सातव्यात, अगदी मध्याला खेटून. आता पोचलोच असं वाटतं तोवर ती पुन्हा सहाव्या-पाचव्या वेढ्यात लांब नेते आणि मगच मध्यावर आणून सोडते. एवढ्या सगळ्या वाटेत एकही फाटा नाही. बोट थांबवलं नाही तर ते पोचतंच, आणि उलट फिरवलं तर त्याच वाटेनं बाहेर येतं. इथं कुणी हरवूच शकत नाही.

मग थिसिअसला दोरा कशाला लागला?

क्रीटमधला आमचा पुढचा सगळा प्रवास या प्रश्नाच्या मागं झाला. माझी आई, नवरा, लेक आणि मी, असे चौघं भाड्याच्या गाडीतून बेट पाहत होतो. हे बेट पूर्व-पश्चिम सुमारे 260 किलोमीटर लांब आणि रुंदीला कुठं साठ, तर कुठं जेमतेम बारा किलोमीटर. मधून डोंगरांचा कणा गेलेला. सिलोरिटिस 2456 मीटर, पश्चिमेचे पांढरे डोंगर त्याहून तीनच मीटर कमी. उतारांवर ऑलिव्हच्या बागा, वर चुनखडीचे उघडे कडे आणि हवेत रानथाइमचा वास. या बेटावर प्रत्येक डोंगराला गोष्ट आहे. लासिथीच्या पठाराच्या कडेला एका गुहेत झ्यूस जन्मला असं सांगतात, तर सिलोरिटिसच्या अंगावरची दुसरी गुहा तोच मान स्वतःकडे घेते. हेराक्लिऑनच्या दक्षिणेला युख्तास डोंगर आहे. त्याची कड आडव्या पडलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसते, आणि तिथं झ्यूसला पुरलं आहे असं क्रीटचे लोक म्हणत आले. देव मेला म्हणणाऱ्या या लोकांना बाकीच्या ग्रीकांनी खोटारडे ठरवलं. मला मात्र क्रीटवासीयांचा देव जवळचा वाटला. जो जन्मला तो मेलाही.

लेकीला गोष्ट गाडीतच सांगितली. राजा मिनॉसनं समुद्रदेव पोसायडनकडं बैल मागितला आणि तो बळी देण्याचा शब्द दिला. बैल इतका देखणा निघाला की राजानं तो ठेवून घेतला. देवाचा कोप असा झाला की राणी पासिफाईचं मन त्या बैलावर जडलं, आणि तिच्या पोटी बैलाच्या डोक्याचं मूल आलं, मिनोटॉर. त्याला कोंडायला डेडलस या कारागिरानं लॅबिरिंथ बांधला. अथेन्सकडून खंडणी म्हणून सात मुलगे आणि सात मुली त्यात सोडल्या जात. एका खेपेला त्यांच्यात अथेन्सचा राजपुत्र थिसिअस आला. मिनॉसची मुलगी आरियाद्नीनं त्याला सुताची गुंडी दिली. त्यानं मिनोटॉरला मारलं, सुताचा माग धरत तो बाहेर आला, तिला घेऊन निघाला आणि नाक्सोस बेटावर तिला टाकून गेला. मिनोटॉरचं नाव आस्टेरिऑन, म्हणजे ताऱ्यांचा, असंही येतं. ते नाव ऐकल्यावर माझी आई म्हणाली, "त्या पोराचा काय दोष?" या गोष्टीत मला पडलेला दुसरा प्रश्न हाच, आणि त्याला उत्तर नाही.

क्नॉसस हेराक्लिऑनपासून पाचेक किलोमीटरवर आहे. 1878 मध्ये तिथं पहिली कुदळ मारली ती हेराक्लिऑनच्या एका व्यापाऱ्यानं. त्याचं नाव मिनॉस कालोकैरिनोस. क्रीटमधल्या आईबापांनी हजारो वर्षांनंतरही मुलाचं नाव मिनॉस ठेवावं, यात त्या गोष्टीची मुळं किती खोल आहेत ते दिसतं. त्याला माणसाएवढे रांजण असलेली कोठारं सापडली. मग 1900 च्या मार्चमध्ये इंग्रज आर्थर इव्हान्सनं जागा विकत घेऊन मोठं उत्खनन सुरू केलं. शेकडो खोल्या, अरुंद बोळ, एकमेकांत शिरणारे जिने, उजेडासाठी सोडलेल्या विहिरी. इव्हान्सला वाटलं, हाच तो लॅबिरिंथ. या अवाढव्य वास्तूत वाट चुकलेल्या परक्यांनीच ही गोष्ट तयार केली असणार. त्यानं मिनॉसच्या नावावरून त्या संस्कृतीला मिनोअन म्हटलं आणि पडक्या भिंतींवर सिमेंट काँक्रीटचे मजले चढवले, लाल खांब उभे केले. आज आपण पाहतो तो राजवाडा बराचसा त्याच्या कल्पनेतला आहे. त्याबद्दल त्याला बोल लावणारे पुष्कळ आहेत. तरी त्या लाल खांबांखाली उभं राहून पोरं डोळे विस्फारून बघतात, तेव्हा मला त्याच्यावर रागावता येत नाही.

क्नॉससच्या भिंतींवर बैल आहेत, बैलाच्या पाठीवरून कोलांटी मारणारे तरुण आहेत, डॉल्फिन आहेत. सात वेढ्यांचा लॅबिरिंथ मात्र त्या काळच्या क्रीटमध्ये सापडलेला नाही. सापडलं ते त्याचं नाव. उत्खननात मातीच्या पाट्या निघाल्या, त्यांवर हिशेब लिहिलेले. ती लिपी मायकेल व्हेंट्रिसनं 1952 मध्ये उलगडली, आणि भाषा जुनी ग्रीक निघाली. त्यातल्या एका पाटीवर दोन ओळींत मधाची नोंद आहे: सर्व देवांना एक घडा मध, लॅबिरिंथच्या स्वामिनीला एक घडा मध. साधारण चौतीसशे वर्षांपूर्वीची ही नोंद. तिच्यात बैलही नाही, कैदही नाही. एक देवी आहे, आणि साऱ्या देवांना मिळून जेवढा मध, तेवढा तिच्या एकटीला आहे. क्रीटचा थाइमचा मध आजही नावाजलेला. आम्ही तो रोज सकाळी दह्यावर घालून खात होतो, आणि त्या पाटीनंतर त्याची चव मला निराळीच लागू लागली.

होमरच्या इलियडमध्ये एक उल्लेख येतो, तोही असाच. अकिलीसच्या ढालीवर नाचाचं एक अंगण कोरलेलं आहे, डेडलसनं क्नॉससमध्ये आरियाद्नीसाठी बांधलं होतं तसं. म्हणजे डेडलसनं तिच्यासाठी बांधलं ते नाचाचं अंगण. ग्रीक लेखक प्लुटार्कनं लिहून ठेवलं आहे की परतीच्या वाटेवर थिसिअसनं सोडवलेल्या मुलामुलींसह डेलॉस बेटावर एक नाच केला, लॅबिरिंथच्या वळणांसारखा आत-बाहेर फिरणारा. क्रीटच्या एका गावात आम्ही रात्री चौकातला नाच पाहिला. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेली माणसांची साखळी, पुढचा माणूस तिला वळवत आत नेतो आणि त्याच वळणानं बाहेर काढतो. हा नाच त्या नाचापासून आला असं मी म्हणणार नाही. पण फाटे नसलेली, आत नेऊन सुखरूप बाहेर आणणारी वाट कशासाठी लागते, हे तिथं डोळ्यांना दिसलं. साखळीतल्या माणसानं हरवायचं नसतं.

नक्षीचा सर्वांत जुना, काळ नक्की ठरलेला पुरावा क्रीटबाहेरचा आहे. ग्रीसच्या मुख्य भूमीवर, नैर्ऋत्येला, पायलॉसचा राजवाडा इसवी सनापूर्वी 1200 च्या सुमारास जळाला. हिशेबाच्या पाट्या कच्च्या मातीच्या असत, काम झालं की पुन्हा मळून वापरायच्या. आगीनं त्या भाजल्या, म्हणून आपल्यापर्यंत आल्या. त्यातल्या एका पाटीवर शेळ्यांची नोंद आहे, माणसांच्या नावांसह. आणि पाटीच्या पाठीवर चौकोनी, सात वेढ्यांचा लॅबिरिंथ ओरखडलेला आहे. शेळ्या मोजता मोजता मध्ये वेळ मिळालेल्या कारकुनानं माती ओली असताना तो काढला. ना देव, ना राजा, ना बैल. त्याला तो हातानं सहज काढता येत होता, एवढं नक्की.

तो सहज कसा काढता येतो, हे मला आईनं दाखवलं. मटालाच्या किनाऱ्यावर, जिथं कड्यात कोरलेल्या जुन्या गुहा समुद्राकडं तोंड करून आहेत, तिथं ओल्या वाळूत मी तिला त्याची कृती सांगितली. आधी एक अधिकाचं चिन्ह. त्याच्या चारही खणांत एकेक काटकोन. मग त्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठिपके. आता अधिकाच्या वरच्या टोकापासून शेजारच्या काटकोनाच्या टोकापर्यंत एक कमान, मग त्यापुढच्या दोन टोकांना जोडणारी तिच्याबाहेरून दुसरी, असं करत करत. टोकं सोळा, कमानी आठ, आणि त्यांच्यामधून सात वेढ्यांची वाट आपोआप तयार होते. ठिपक्यांची रांगोळी जन्मभर काढलेल्या माझ्या आईनं पहिल्याच खेपेला ती अचूक काढली आणि वर म्हणाली, "अगं, हे ठिपके लक्षात राहिले की झालं." मला वाटतं या नक्षीच्या आयुष्याचं सगळं मर्म तिच्या त्या एका वाक्यात आहे. अख्खं चित्र लक्षात ठेवावं लागत नाही, बीज लक्षात ठेवलं की पुरतं. ते बीज खलाशाच्या, गुराख्याच्या, सैनिकाच्या, लेकीला शिकवणाऱ्या आईच्या डोक्यात मावतं. गोष्ट सांगायला भाषा लागते, हे शिकवायला बोट पुरतं. म्हणून नक्षी एकटीच पुढं निघाली आणि गोष्ट मागं राहिली.

क्रीटमध्ये गोष्टीलाही स्वतःची जागा शोधावी लागली. क्नॉसस मातीखाली गेल्यावर शेकडो वर्षं प्रवाशांना लॅबिरिंथ म्हणून दाखवला जायचा तो बेटाच्या दक्षिणेचा, मेसारा मैदानात गॉर्टिनजवळच्या डोंगरातला. खरं तर ती दगडाची जुनी खाण. डोंगराच्या पोटात सुमारे अडीच किलोमीटरचे बोगदे, खोल्या, बंद गल्ल्या. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तूर्नफोर 1700 मध्ये इथं आला, तेव्हा त्याच्या माणसांनी अवघड वळणांवर आकडे घातलेल्या कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, वाटेत काट्यांच्या जुड्या टाकल्या, गवताच्या काड्या पसरल्या. हरवण्याची भीती इथं खरी होती, आणि दोऱ्याचं महत्त्व समजायचं तर अशाच जागी समजावं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या बोगद्यांत दारूगोळा साठवला आणि जाताना काही भाग उडवून दिला.

गॉर्टिनमध्ये आम्ही थांबलो ते दुसऱ्याच कारणासाठी. तिथं कधीही पानं न गाळणारं एक चिनार आहे. बैलाच्या रूपात झ्यूसनं पळवून आणलेली युरोपा त्याच्याखाली उतरली आणि मिनॉस तिच्या पोटी आला, असं लोक सांगतात. त्या झाडाजवळच इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातली कायद्याची भिंत आहे. मजकुराचे बारा स्तंभ, सुमारे सहाशे ओळी. एक ओळ उजवीकडून डावीकडं, पुढची डावीकडून उजवीकडं, नांगराला जुंपलेला बैल शेतात जसा वळतो तशी. वारसा, घटस्फोट, दत्तक, गुलामांचे हक्क, सगळं त्यात आहे. आधी बैल, मग बैलाच्या पोटचं पोर, आणि त्याच भूमीत बैलाच्या चालीनं लिहिलेला कायदा. पश्चिमेला समारियाची घळ आहे, सोळा किलोमीटरची, एका ठिकाणी चारेक मीटरच रुंद, दोन्ही बाजूंना आभाळापर्यंत कडे. ती मी आणि लेक चालून आलो, शेवटी लिबियाच्या समुद्राकडं. क्रिक्री नावाची रानशेळी तिथं दिसते. पायलॉसच्या कारकुनाची आठवण झाली.

नक्षी पुढं कुठं कुठं गेली याची यादी मोठी आहे, मला भावलेली ठिकाणं तेवढी सांगते. इटलीत त्रालियातेल्ला गावी सापडलेल्या, इसवी सनापूर्वीच्या सातव्या शतकातल्या एट्रुस्कन सुरईवर घोडेस्वार एका लॅबिरिंथमधून बाहेर पडताना दाखवले आहेत, आणि त्या लॅबिरिंथवर ट्रॉयचं नाव लिहिलेलं आहे. उत्तरेला स्वीडनच्या किनाऱ्यांवर दगड मांडून केलेले शेकडो लॅबिरिंथ आहेत. त्यांनाही लोक ट्रॉयचा कोट म्हणतात. कोळी समुद्रावर जाण्याआधी त्यात चालत. वाईट वारं, अपशकुनी शक्ती मागं लागल्या तर त्या आत अडकाव्यात आणि आपण पळत नावेत बसावं, अशी समजूत. पॉम्पेईत एका घराच्या खांबावर कुणीतरी लॅबिरिंथ ओरखडून खाली लिहिलं, इथं मिनोटॉर राहतो. इसवी सन 79 मध्ये ते घर राखेखाली गेलं. फ्रान्समध्ये शार्त्रच्या कथीड्रलच्या फरशीत तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा अकरा वेढ्यांचा लॅबिरिंथ आहे, जवळजवळ तेरा मीटर व्यासाचा. तिथं तो ख्रिस्ती भाविकाची वाट झाला. रॅन्सच्या कथीड्रलमधला असाच एक अठराव्या शतकात उखडून टाकला, कारण मुलं त्यावर धावत आणि प्रार्थनेत व्यत्यय येई. त्या मुलांनी त्या नक्षीचं नाचाचं अंगण पुन्हा केलं होतं, असं मला वाटतं.

या सगळ्यांत वाट एकच आहे. जर्मन अभ्यासक हर्मन केर्न यानं 1982 मध्ये या चित्रांचा मोठा ग्रंथ केला. तो पाहताना लक्षात येतं की फाटे आणि बंद गल्ल्या असलेली चित्रं युरोपात पंधराव्या शतकापासून येऊ लागतात. त्याआधीची हजारो वर्षं लोक हरवण्याची गोष्ट सांगत होते आणि न हरवण्याचं चित्र काढत होते. गोष्टीतली भीती खरी आणि चित्रातला धीरही खरा. दोन्ही वेगवेगळीकडून आली आणि क्रीटमध्ये एकत्र राहिली.

भारतात ही नक्षी आली तेव्हा तिला इथंही तयार गोष्ट मिळाली. द्रोणपर्वातला चक्रव्यूह ही सैन्याची चक्राकार रचना आहे, वेढ्यांची वाट नव्हे. पण हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरावर, बाराव्या शतकात, शिल्पकारानं अभिमन्यू दाखवला तो लॅबिरिंथच्या वेढ्यांत. मूळ महाभारतात अभिमन्यू सांगतो की आत शिरण्याची विद्या वडिलांनी शिकवली, बाहेर पडण्याची नाही. सुभद्रेच्या पोटात असताना ऐकलं आणि अर्ध्यात तिला झोप लागली, ही लोकांनी जोडलेली गोष्ट. आणि याच चक्रव्यूहाची नक्षी उत्तर भारतात बाळंतिणीसाठी काशाच्या ताटात केशरानं काढत, मग पाण्यानं ती धुऊन तिला ते पाणी पाजत. गर्भातून बाहेर येणारी वाट वळणावळणाची आहे, पण ती एकच आहे आणि ती बाहेर आणते, हा तिला धीर. सूतिकागृहातल्या बायकांनी अभिमन्यूची गोष्ट गर्भापर्यंत नेली ती का, हे त्या ताटातली नक्षी पाहिली की उमगतं.

मध्य आशियातून आलेल्या अल्बिरूनी या विद्वानानं इसवी सन 1030 च्या सुमारास पुऱ्या केलेल्या भारतावरच्या ग्रंथात रावणाच्या लंकेतल्या किल्ल्याचा नकाशा दिला आहे, आणि तो लॅबिरिंथ आहे. त्या किल्ल्याला आमच्या मुलखात यवनकोटी म्हणतात, असं तो सांगतो. म्हणजे रामाच्या कथेतल्या कोटाला यवनांचं, जुन्या अर्थानं ग्रीकांचं, नाव चिकटलं होतं. नक्षी कुणाच्या हातून इकडं आली त्याची ही खूण मानली, तर तसे यवन आपल्याकडंही होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे लेख आहेत, ग्रीक भाषेत नव्हे, प्राकृतात.

आणि गोवा. सांगे तालुक्यात रिवणजवळ, कुशावती नदीच्या वळणावर, उसगाळीमळला फणसायमळ नावाची जागा आहे. जांभ्या दगडाच्या सपाट पात्रावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या: वशिंडाचे बैल, हरणं, मोर, माणसं. त्यांच्यात सात वेढ्यांचा एक गोल लॅबिरिंथ. 1993 मध्ये स्थानिक लोकांकडून कळल्यावर पुरातत्त्व अभ्यासक तिथं पोचले. कोकणच्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत 2022 मध्ये समावेश झाला, त्या नऊ ठिकाणांत फणसायमळही आहे. कोरीवकामाच्या काळाबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, आणि काही जण तर हा वेढा आणि बैल एका काळातले मानत नाहीत. तो वाद चालू राहावा. क्रीटहून परतल्यावर आम्ही तिथं गेलो ते पावसाळा संपल्यावर, कारण पावसात नदी त्या कातळावरून वाहते. आईनं वाकून आधी ठिपके शोधले. अधिकाचं चिन्ह आणि काटकोन दगडात ओळखू येतात का, हे तिनं बोटानं चाचपून पाहिलं, आणि मग लेकीला तोंडापाशी बसवून सांगितलं, इथून आधी तिसऱ्यात जा.

बैल तिथून चार पावलांवर होता. तो कुठंही कोंडलेला नव्हता.